गुणगुण काढण्याचे पाच दिवस

"गप्प," जिनदत्त म्हणाला आणि त्यानं एक बोट वर केलं.

खोलीत आम्ही तिघंच होतो. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, स्वयंपाकघरातला फ्रिज बंद. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक नको म्हणून त्यातला सेलसुद्धा जिनदत्तनं काढून ठेवला होता. ऑक्टोबरातली दुपार होती आणि माझा सदरा पाठीला चिकटला होता. टेबलावर त्याच्या मुलानं, सन्मतीनं, हैदराबादहून पाठवलेला जुना कॉम्प्युटर होता, त्याला दोन छोटे स्पीकर होते, आणि पोह्याच्या डब्याला दोऱ्यानं बांधून माइक उभा केलेला होता. स्पीकरमधून आवाज येत होता. बाटलीत भुंगा कोंडला की येतो तसा.

"आहेच," जिनदत्त म्हणाला.

"फ्रिज लावू का आता?" इंदूवहिनींनी विचारलं. "दूध नासेल."

"तू बोललीस. आता परत पहिल्यापासून."

मी थांबायचं बटण दाबलं आणि फाइल साठवली. 'चाचणी ४'. नाव जिनदत्तनंच ठरवलं होतं. तो पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. आकडा घातल्याशिवाय त्याला साधी पिशवीसुद्धा ठेवता यायची नाही.

ही २००१ सालची गोष्ट. सांगलीत विश्रामबागेत आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी होती. जिनदत्त उपाध्ये पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी कोर्टातली कारकुनी करून सुटलेला, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि दर आठवड्याला एका स्थानिक साप्ताहिकात लोकांच्या खोड्या काढणारं सदर लिहीत होतो. ते सदर मी कॉम्प्युटरवर टाइप करायचो, म्हणून सोसायटीत मी कॉम्प्युटरमधला जाणकार. जाणकार म्हणजे माउस उलटा न धरणारा.

इंदूवहिनींनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात काढली होती. गावातली निम्मी बारशी आणि निम्मी मयतं त्यांना त्या त्या घराच्या आधी कळलेली. आवाज असा, की पलीकडचा माणूस तार तुटलेली असतानासुद्धा "हो हो, येतंय ऐकू" म्हणायचा. तो आवाज उन्हाळ्यापासून घोगरा होत गेला. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, आणि शुक्रवारी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी.

"त्याच्यानंतर?" जिनदत्तनं विचारलं होतं.

"त्याच्यानंतर जगतील," डॉक्टर म्हणाले. "बोलता येणार नाही. तोपर्यंत बोला की हवं तेवढं."

शनिवारी सकाळी जिनदत्त माझ्या दारात उभा होता. सन्मतीच्या बायकोला पाचवा महिना होता. "नाना," तो म्हणाला, "त्या पोराला आजी असेल, पण आजीचा आवाज नसेल. हिचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचा. स्वच्छ. चल."

एवढंच काम होतं. आमच्याकडे पाच दिवस होते आणि काम फार तर तासाभराचं.

काय बोलायचं याची जिनदत्तनं यादी केली होती. एक, णमोकार मंत्र. दोन, अंगाई. तीन, घराण्याची माहिती, चार पिढ्या. चार, उपदेश.

"उपदेश काय करू?" इंदूवहिनी म्हणाल्या. "सन्मतीनं एवढ्या वर्षांत एक ऐकला नाही. आणि मला असं यादीवरनं बोलता येत नाही हो. भावजी, तुम्हीच सांगा ह्यांना."

"वहिनी, अंगाईपासून सुरू करा. आम्हाला झोप लागली तर आवाज चांगला आला समजायचं."

पण अंगाई सुरू व्हायच्या आधी ती गुणगुण निघाली.

शनिवारभर आम्ही घरातली एकेक वस्तू बंद करत गेलो. ट्यूबच्या चोकवर संशय होता, तो खोटा ठरला. पंख्याचा रेग्युलेटर निर्दोष सुटला. मॉनिटरच्या चित्राला कडेनं हलकी थरथर होती, म्हणून स्पीकर मॉनिटरपासून लांब नेले. माइकची वायर टेबलाच्या पायाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. शेजारच्या कुलकर्ण्यांना मिक्सर लावू नका म्हणून सांगून आलो. त्यांनी चटणी पाट्यावर वाटली आणि थोडी इंदूवहिनींना आणून दिली. दर बदलानंतर चाचणी. दर चाचणीआधी जिनदत्तचं बोट वर.

"गप्प. गुणगुण ऐकायचीय."

इंदूवहिनी पाच-सात सेकंद गप्प बसायच्या. मग त्यांना काहीतरी आठवायचं.

"अहो, बनियन उलटा घातलाय तुम्ही."

"इंदू, चाचणी चाललीय."

"चालू दे की. बनियन सुलटा केला म्हणून ती काय थांबणार आहे?"

'चाचणी ११'. जिनदत्त वहीत लिहायचा: मिक्सर बंद, फरक नाही. शेरा: इंदू बोलली, खराब.

रविवारी मी घरून माझा टेपरेकॉर्डर घेऊन खाली आलो. म्हटलं, हा कॉम्प्युटर राहू दे बाजूला, कॅसेट घाल, वहिनींना बोलू दे.

जिनदत्तनं कपाटातून एक कॅसेट काढून माझ्या हातात दिली. आतल्या फितीवर पांढरी बुरशी चढलेली होती. "सन्मती चार वर्षांचा असताना मंत्र म्हणालेला. लावून बघ." मी लावली. विहिरीच्या तळातून कुणीतरी हाका मारतंय असं वाटत होतं. "वीस वर्षं नाही टिकली. मला टिकाऊ पाहिजे, नाना. कामचलाऊ नको."

"अरे, कॅसेटवरनं नंतर कॉम्प्युटरमध्ये घेता येईल."

"गुणगुण असलेल्या कॉम्प्युटरमध्ये? आधी मूळ दोष काढायचा."

मी टेपरेकॉर्डर उचलला आणि दोन मजले चढून घरी नेऊन ठेवला. तो तिथंच त्यांच्या सोफ्यावर राहू दिला असता तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मला पुढं पुष्कळदा पडला. त्या दिवशी मला तो अडगळ वाटला होता, एवढंच उत्तर आहे.

संध्याकाळी जिनदत्तनं मुल्ला वायरमनला बोलावलं. हैदर मुल्ला मिरजेचा, सत्तरीला टेकलेला, सोसायटीची मूळची वायरिंग त्याच्याच हातची. तो आला, गुणगुण ऐकली, खिशातून टेस्टर काढला आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला लावला. टेस्टरमधला दिवा मंद पेटला.

"हात लावा साहेब."

जिनदत्तनं पालथा हात लावला. "झिणझिण्या येतात. पण त्या पहिल्यापासनं येतात. मला वाटलं, कॉम्प्युटर म्हटल्यावर थोडं चावणारच."

"अर्थिंगच नाही बघा. डब्यातली वीज जमिनीत जायला वाट नाही. ती माइकात शिरतीय. तुमच्या यंत्रात काही खोट नाही, घराच्या जमिनीत आहे."

मीटरच्या खोलीतून हिरवी वायर निघत होती. ती धरून आम्ही चौघं वरातीसारखे निघालो: पुढं मुल्ला, मागं जिनदत्त, मी, आणि पदर खोचून इंदूवहिनी. वायर भिंतीच्या कडेकडेनं पाण्याच्या पंपापर्यंत गेली आणि तिथं एका लोखंडी पाइपाला क्लॅम्पनं आवळलेली सापडली. पाइपाचा तुकडा वीतभर होता. त्याच्या दोन्ही बाजूंना करड्या रंगाचा प्लॅस्टिकचा पाइप.

मुल्ला उकिडवा बसला आणि त्यानं तो तुकडा बोटांनी चाचपला.

"मी नळाला अर्थिंग दिलं होतं. त्या वेळेला सगळेच देत होते. लोखंडी पाइप जमिनीत लांबवर जातो, काम भागतं. हे प्लॅस्टिक कोण घातलं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. गंजलेले लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे घालावेत हा ठराव मीच मांडला होता. वार्षिक सभेत त्यावर दहा मिनिटं भाषण केलं होतं आणि लोहयुगातून बाहेर पडू या अशा अर्थाचं काहीतरी बोलून टाळ्या घेतल्या होत्या. एक वर्ष बारा बिऱ्हाडं जमिनीशी काही संबंध न ठेवता राहत होती, आणि त्याबद्दल माझ्या गळ्यात हार पडला होता.

"नाना," जिनदत्त म्हणाला.

"हो, मीच."

"ठराव एकमतानं झाला होता भावजी," इंदूवहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी पण हात वर केला होता. चहा करते, चला. मुल्लाभाऊ, तुम्ही पण."

मुल्लाचं म्हणणं असं होतं, की बागेत एक सळई ठोकायची, मिठाचं पाणी ओतायचं, आणि हिरवी वायर तिला जोडायची. उद्या दुपारपर्यंत होईल. जिनदत्तला ते पटलं नाही. त्यानं सव्वीस वर्षं कालव्यांचं काम केलेलं. खड्डा रीतसर पाहिजे: आठ फूट खोल, तळाला तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि मीठ यांचे आळीपाळीनं थर, वर पाणी घालायला पाइप.

"लोखंडी," मी म्हणालो.

तो हसला नाही.

सोमवारी सकाळी जिनदत्त चेअरमनकडे खड्ड्याची लेखी परवानगी मागायला गेला. लेखी, कारण परवानगी न घेता खणलेल्या खड्ड्यांची चौकशी करण्यात त्याची अर्धी नोकरी गेली होती. तेवढ्या वेळात मी कॉम्प्युटर लावून बसलो. चपला दाराशी काढल्या होत्या आणि इंदूवहिनींनी नुकतीच फरशी पुसलेली. मी उठताना सहज त्या डब्यावर हात टेकला, हाताला मुंग्या आल्या, आणि गुणगुण खाली आली.

"वहिनी, ऐका."

त्या कान देऊन उभ्या राहिल्या. मी हात काढला, गुणगुण वाढली. हात टेकला, कमी झाली.

"म्हणजे तुम्हीच अर्थिंग," त्या म्हणाल्या. "बरं झालं. सेक्रेटरीचा काही तरी उपयोग. आता असेच उभे राहा, मी बोलते."

तेवढ्यात जिनदत्त परवानगी घेऊन आला. आम्ही त्याला प्रयोग दाखवला. त्यानं हेडफोन कानाला लावला आणि डोळे मिटले. मी हात टेकून उभा राहिलो. रेकॉर्डिंग चालू होतं.

इंदूवहिनी स्टुलावर बसल्या आणि यादीत नसलेलं काहीतरी सांगायला लागल्या.

"एक्स्चेंजमध्ये मी नवीन होते. एक नवीन लग्न झालेला पोरगा बेळगावला माहेरी गेलेल्या बायकोला ट्रंक कॉल लावायचा. तीन मिनिटं मिळायची. आणि दोघंही बोलायची नाहीत. लाजायची. हा इकडनं हॅलो म्हणायचा, ती तिकडनं हं म्हणायची, संपलं. मला वरनं कळायचं, मिनिटं चाललीत. शेवटी एक दिवस मीच मध्ये पडले. तिला विचारलं, जेवलात का? ती म्हणाली, हो. मग ह्याला सांगितलं, जेवल्या म्हणतायत. हा म्हणाला, काय जेवली विचारा. मी विचारलं. ती म्हणाली, वांग्याची भाजी. दर रविवारी असं. चार महिने त्यांचा संसार मी केला. पुढं पेढे घेऊन आला तो, मुलगी झाली म्हणून. म्हटलं, आता घरात तरी बोलता का? तर म्हणाला, ती बोलते, मी हं म्हणतो."

मी हसलो. हसण्यात हात सुटला आणि स्पीकर पुन्हा घूं करायला लागला.

जिनदत्तनं हेडफोन काढला. "अर्धी झालीय. पण आहे. आणि तुम्ही दोघं मध्ये बोलत होता, त्यामुळं नक्की किती राहिली ते कळलं नाही."

"अर्धी चालेल की," इंदूवहिनी म्हणाल्या.

"अर्धी म्हणजे काय, इंदू? पोराला अर्धी आजी द्यायची का? दोन दिवसांत खड्डा होतो. एकदाच करू, नीट करू."

त्या स्टुलावरून उठल्या. मग म्हणाल्या, "बरं."

'चाचणी २३'. शेरा: नाना अर्थिंग म्हणून अपुरा. इंदू बोलली, खराब.

मंगळवारी दोन गडी खणायला आले. चार फुटांवर काळा खडक लागला. जिनदत्तनं जागा बदलली. दुसऱ्या जागी पाच फुटांवर खडक. मुल्ला म्हणाला, पाच पुरे, मीठ जास्त घालू. जिनदत्त म्हणाला, सहा तरी पाहिजे. गडी पहारी घेऊन खडक फोडत राहिले आणि वर आम्ही, मध्ये काही फरक पडतो का ते बघायला, चाचण्या घेत राहिलो. खड्ड्याला वायर जोडलेली नसताना फरक कसा पडणार होता हे कुणी कुणाला विचारलं नाही. हातांना सवय लागली होती. दोनदा मीच बोट वर करून वहिनींना गप्प केलं.

इंदूवहिनींचा श्वास आता शिट्टीसारखा वाजायला लागला होता. माइक तोसुद्धा पकडायचा.

"ह्याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. "ह्याला अर्थिंग नाही लागायचं."

बुधवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. संध्याकाळी भरती व्हायचं होतं, त्याऐवजी अकरापर्यंतच या, काही तपासण्या राहिल्यात. जिनदत्तनं पिशवी भरली. खड्डा साडेपाच फूट झाला होता.

"नाना, तू आणि मुल्ला थांबा. चारपर्यंत जोडून टाका. मी डॉक्टरांना सांगून हिला संध्याकाळी तासाभरासाठी घरी आणतो. यादी टेबलावर ठेवलीय."

रिक्षा फाटकाशी उभी होती. इंदूवहिनी खड्ड्याच्या कडेनं सावकाश चालत आल्या, थांबल्या आणि आत डोकावल्या.

"मुल्लाभाऊ, बुजवायला विसरू नका. खेळायच्या नादात पोरं पडतील."

"नाही विसरत, बाई."

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. त्या वेळी मी कोळशाचं पोतं धरून उभा होतो आणि हे शेवटचं वाक्य आहे, याची मला कल्पना नव्हती. असती तरी मी काय म्हटलं असतं कोण जाणे. बहुतेक काहीतरी विनोदी.

पत्रा बसला, कोळसा-मिठाचे थर पडले, बारा बादल्या पाणी गेलं. चारला पाच मिनिटं कमी असताना मुल्लानं हिरवी वायर आवळली. आम्ही वर आलो. त्यानं टेस्टर डब्याला लावला. दिवा पेटला नाही. मी कॉम्प्युटर चालू केला, माइक लावला, स्पीकरचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं.

काहीच नाही. खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटा तेवढी ऐकू आली.

"गेली," मुल्ला म्हणाला आणि सोफ्यावर बसला. चार दिवसांत तो पहिल्यांदाच निवांत बसला होता.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. कॉम्प्युटरनं निरोप दिला, की डिस्कवर जागा उरलेली नाही. साहजिकच होतं. अठ्ठावन्न चाचण्या पडल्या होत्या, आणि वहिनींना तासभर बोलायचं तर मोकळी जागा हवी. मी त्या अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न निवडल्या आणि पुसून टाकल्या. मग कचऱ्याची टोपली उघडून तीही रिकामी केली. काम नीटनेटकं करायची सवय मला कोर्टातली. मग खात्रीसाठी बारा मिनिटांची एक चाचणी घेतली. मी आणि मुल्ला, दोघंही श्वास धरून बसलो होतो. 'चाचणी ५९'. ऐकली. निव्वळ, नितळ शांतता.

पाच वाजता फोन वाजला. जिनदत्त दवाखान्यासमोरच्या बूथवरून बोलत होता.

"जिनदत्ता, झालं. गुणगुण संपली. डबा चावतसुद्धा नाही. वहिनींना घेऊन ये."

तिकडून आणखी एक नाणं टाकल्याचा आवाज आला.

"हॅलो?"

"दुपारी दोनला तिचा श्वास अडकला," तो म्हणाला. "उद्यापर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. गळ्याला भोक पाडून नळी घातली. बरी आहे आता. उद्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणं."

"बोलतायत का?"

"नाही. हवा नळीतनंच जाते. तो आवाज आता नाही."

रस्त्यावरच्या गाड्या त्याच्या फोनमधून ऐकू येत होत्या.

"पूर्ण गेली म्हणतोस? गुणगुण?"

"पूर्ण."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

ऑपरेशन नीट पार पडलं. इंदूवहिनी दिवाळीनंतर घरी आल्या. गळ्याशी पांढरं मलमलीचं फडकं बांधलेलं, हातात दगडी पाटी. त्यांचं अक्षर टपोरं होतं आणि त्या लिहायच्याही भराभर, पण त्यांच्या बोलण्याच्या वेगापुढं ते लिहिणं म्हणजे बैलगाडी. लोक त्यांचं लिहून व्हायच्या आधीच "हो का, हो का" म्हणून मोकळे व्हायचे.

त्या घरी आल्याला तीन-चार दिवस झाले असतील. मी सकाळी गेलो होतो. जिनदत्त कॉम्प्युटरसमोर बसला होता. कॉम्प्युटर बंद होता.

"नाना," तो म्हणाला, "मी रात्रीपासनं विचार करतोय. आपण एवढ्या चाचण्या घेतल्या. ही प्रत्येक चाचणीत मध्ये बोलायची. बनियनचं बोलली, ते बेळगावच्या जोडप्याचं बोलली. म्हणजे आवाज आहे. आहेच की. असू दे गुणगुण मागं. लाव बघू ते तेवीस नंबरचं."

तो मला हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. त्या पाच दिवसांत आणि त्यानंतरही मी तो असा बघितला नव्हता. हे त्याला त्या सकाळी सुचलं होतं. मला ते बुधवारी संध्याकाळीच, त्यानं फोन ठेवला त्या क्षणी सुचलं होतं. मी तीन आठवडे या प्रश्नाची वाट बघत होतो.

"त्या फायली," मी म्हणालो, "त्या फायली नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"पुसल्या."

"कुणी?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात पाटीवर पेन्सिल वाजली. इंदूवहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी लिहिलं आणि पाटी त्याच्यासमोर धरली.

'मी सांगितलं भावजींना. दवाखान्यात जायच्या आधी. तो घोगरा आवाज मला नको होता.'

जिनदत्तनं ते दोनदा वाचलं. एकदा चष्म्यातून, एकदा चष्मा काढून.

"मला विचारायचं तरी," तो म्हणाला.

त्यांनी खांदे उडवले.

"माझं त्यात काहीच नव्हतं का, इंदू?"

तो उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. खिडकीतून मला तो दिसत होता. बागेत जाऊन त्यानं अर्थिंगच्या पाइपात एक बादली पाणी ओतलं. मुल्लानं सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा ओतायचं. त्यानं दुसरी बादली भरली.

"वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं: 'तुमच्याशिवाय त्यांना आहे कोण. खरं सांगितलंत तर उद्यापासून यायचे बंद व्हाल.'

मी वाचलं हे बघून त्यांनी तेही पुसून टाकलं.

जिनदत्त दोन दिवस बायकोशी बोलला नाही. त्या घरातला तो अबोला आम्हा शेजाऱ्यांना वेगळा ओळखूसुद्धा आला नाही. तिसऱ्या दिवशी तो बोलायला लागला, पण ती गोष्ट त्यानं सोडली नाही. पाहुणा आला, की स्वच्छ कॉम्प्युटर दाखवायचा, खड्डा दाखवायचा, मग म्हणायचा, "एवढं सगळं केलं, आणि हिनं सगळं पुसायला लावलं. मला विचारलंसुद्धा नाही." दर वेळी इंदूवहिनी मान हलवायच्या आणि मी चिवड्याची बशी पुढं ओढायचो. खरं सांगायला मला आठ वर्षं मिळाली. मी रोज गेलो, रोज चहा प्यालो आणि एकदाही बोललो नाही. आता दोघंही नाहीत.

सन्मतीला मुलगी झाली होती, श्रुती. ती सहा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत आली होती. जिनदत्तनं तिलाही ती गोष्ट सांगितली. पोरगी आजीच्या मांडीशी जाऊन बसली.

"आजी, का गं पुसायला सांगितलंस?"

इंदूवहिनींनी पाटी घेतली. श्रुती हैदराबादची, मराठी नुकतीच वाचायला शिकत होती. तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं, "आ... वा... ज... चां... ग... ला... न... व्ह... ता."

मग ती माझ्याकडे वळली. "नानाआजोबा, खरंच चांगला नव्हता?"

जिनदत्त बघत होता. इंदूवहिनी पाटी पुसत होत्या.

"घोगरा होता," मी म्हणालो.